न्यू जर्सीतलं टपाली मतदान: आमच्या घरातल्या तिघांनी वापरलेली सेवा

न्यू जर्सीत राहणाऱ्या मराठी मंडळींसाठी हे लिहिते आहे. कुठल्या दुकानात चांगली भाकरी मिळते, कुठला दातांचा डॉक्टर हाताला हलका आहे, हे आपण एकमेकांना आवर्जून सांगतो. राज्य सरकारची ही एक सेवा मात्र आपल्यातले बरेच जण वापरत नाहीत, आणि वापरतात ते पुष्कळदा ऐकीव माहितीवर. घरी मतपत्रिका मागवायची, घरीच भरायची आणि परत पोचवायची. कागदोपत्री तिला ‘व्होट बाय मेल’ म्हणतात. इथे पूर्वीपासून राहणारे अजून ‘अ‍ॅब्सेंटी बॅलट’ म्हणतात.

आमच्या घरात ती तिघं वापरतात. मी फार्मसीत काम करते आणि माझी कामाची पाळी कधी किती लांबेल सांगता येत नाही. मुलगी मिशिगनमध्ये शिकते, पण तिची मतदार नोंदणी आमच्याच पत्त्यावर आहे. तिसरे माझे सासरे, नाना. वय ऐंशीच्या पुढे, पार्किन्सन्समुळे फार वेळ उभं राहणं जमत नाही, आणि मतदान चुकवणं तर त्यांना मुळीच चालत नाही. त्यांची सगळी नोकरी भारतात टपाल खात्यात झाली. कराडजवळच्या एका गावात सब-पोस्टमास्तर म्हणून ते निवृत्त झाले. त्यामुळे पाकीट, शिक्का आणि पोच या विषयांत घरात शेवटचा शब्द त्यांचा.

माझं मत आधीच सांगून टाकते. सेवा चांगली आहे आणि मी ती निःशंकपणे वापरायला सांगेन. तिच्यातली मला सर्वांत आवडलेली गोष्ट ही, की अर्जापासून मोजणीपर्यंत जवळजवळ प्रत्येक टप्प्यावर काही बिघडलं तर सुधारायला जागा ठेवली आहे. पण ती जागा लवकर सुरुवात करणाऱ्यालाच मिळते. शेवटच्या आठवड्यात जागं होणाऱ्याचे एकेक दरवाजे बंद होत जातात.

सर्वांत आधी एक गोष्ट, कारण आपल्या लोकांत ती फार महत्त्वाची आहे. ही सेवा फक्त अमेरिकन नागरिकांसाठी आहे. एच-वनवर किंवा ग्रीन कार्डवर असणाऱ्यांनी मतदार नोंदणीच्या वाटेला जाऊ नये. मोटर व्हेइकल कमिशनमध्ये लायसन्सचं काम करताना नोंदणीबद्दल विचारतात, तिथे घाईत ‘हो’ म्हणायचं नाही. नागरिक नसताना मतदार यादीत नाव गेलं, त्यातून मतही दिलं, तर पुढे नागरिकत्वाच्या अर्जाच्या वेळी ते जिवावर बेतू शकतं. घरात नवीन आलेल्या मुलांना, जावयांना, सुनांना हे स्पष्ट सांगून ठेवा.

आता अर्ज. एका कागदाचा आहे. राज्याच्या निवडणूक विभागाच्या संकेतस्थळावरून छापून घेता येतो, काउंटी क्लर्कच्या, म्हणजे आपल्या जिल्ह्याच्या कारभारी अधिकाऱ्याच्या, कार्यालयातही मिळतो. घरून मत का द्यायचं आहे याचं कारण विचारत नाहीत. मला ही या सेवेची मोठी माणुसकी वाटते. आजाराचा दाखला लागत नाही, साहेबाचं पत्र लागत नाही. नाव, जन्मतारीख, नोंदणीचा पत्ता, मतपत्रिका जिथे पाठवायची तो पत्ता आणि शाईने केलेली सही. पत्त्याच्या जागा दोन आहेत, आणि कॉलेजातल्या मुलांसाठी हेच सोयीचं आहे. नोंदणी एडिसनची असू दे की प्लेन्सबरोची, पाकीट थेट वसतिगृहाच्या पत्त्यावर मागवता येतं.

अर्जात एक चौकट नीट वाचून भरावी लागते. फक्त एका निवडणुकीसाठी मतपत्रिका हवी की यापुढच्या सगळ्या निवडणुकांसाठी? नानांसाठी आम्ही ‘सगळ्या’ निवडलं. त्यामुळे नोव्हेंबरची मोठी निवडणूक तर घरी येतेच, पण लोकांना जिचा पत्ताही नसतो अशी एखादी छोटी निवडणूकही येते. न्यू जर्सीत काही ठिकाणी फायर डिस्ट्रिक्टची, म्हणजे अग्निशमन विभागाची, वेगळी निवडणूक असते, शाळेच्या अंदाजपत्रकावर मत मागतात. घरपट्टीतला सगळ्यात मोठा वाटा शाळेकडे जातो, आणि त्याबद्दलच्या मतदानाला मोजकी माणसं जातात. नाना मात्र त्या मतपत्रिकेवरचं एकेक नाव मला मोठ्याने वाचायला लावतात आणि विचारतात, “हा माणूस आधी काय करत होता, बघ जरा.” मतदान केंद्रावर यंत्रासमोर उभं असताना हे करता येत नाही. स्कूल बोर्डाची सात नावं समोर येतात आणि आपण वरच्या दोघातिघांवर बोट ठेवून बाहेर पडतो. घरी मतपत्रिका आली की दोन संध्याकाळी बसून उमेदवारांची माहिती वाचता येते. माझ्या लेखी रांग टाळण्यापेक्षा ही सोय जास्त मोलाची आहे.

तारखांबद्दल गेल्या वर्षीच्या राज्यपालपदाच्या निवडणुकीचं उदाहरण देते. मतदान होतं ४ नोव्हेंबर २०२५ ला. टपालाने पाठवलेला अर्ज क्लर्ककडे सात दिवस आधी, म्हणजे २८ ऑक्टोबरपर्यंत पोचायला हवा होता. त्यानंतर जाग आलेल्यांसाठी एक वाट उरते: स्वतः काउंटी क्लर्कच्या कार्यालयात जायचं आणि आदल्या दिवशी दुपारी तीनच्या आत मतपत्रिका हातात घ्यायची. कुणी अचानक आजारी पडलं तर त्याच्या वतीने ‘मेसेंजर’ म्हणून नेमलेला माणूस मतपत्रिका आणू शकतो, त्याचा वेगळा अर्ज असतो. ही सोय खरोखर उपयोगाची आहे. ओळखीतल्या एका काकूंना निवडणुकीच्या तोंडावर दवाखान्यात ठेवावं लागलं, तेव्हा त्यांच्या मुलाने अशीच मतपत्रिका आणली आणि त्यांनी खाटेवर बसून मत दिलं.

प्रायमरीसाठी, म्हणजे पक्षाचे उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीसाठी, एक वेगळी अट आहे. ज्यांनी कुठल्याही पक्षाशी नाव जोडलेलं नाही त्यांना प्रायमरीची मतपत्रिका आपोआप येत नाही. आधी पक्ष जाहीर करावा लागतो. आपल्यातले पुष्कळ जण कुठल्याच पक्षाचे म्हणून नोंदलेले असतात आणि जून आला की ‘माझं बॅलट का नाही आलं’ म्हणून विचारतात.

पाकीट येतं ते जाडजूड असतं. आत मतपत्रिका, एक आतलं पाकीट, परत पाठवायचं बाहेरचं पाकीट आणि सूचनांचा कागद. आतल्या पाकिटाला एक पट्टी जोडलेली असते, तिला ‘सर्टिफिकेट’ म्हणतात. तिच्यावर नाव, पत्ता आणि सही करायची. ती पट्टी फाडायची नाही. हे मी ठळक सांगते, कारण ती फाडायलाच दिली आहे असं दिसतं. कडेला टोचेही असतात. पण फाडण्याचं काम बोर्ड ऑफ इलेक्शन्सचं, म्हणजे काउंटीच्या निवडणूक मंडळाचं. ते आधी पट्टीवरची सही नोंदणीतल्या सहीशी ताडून बघतात, मत ग्राह्य धरलं की पट्टी वेगळी करतात आणि मगच आतलं पाकीट उघडतात. नाव आणि मत एकमेकांपासून सुटतं ते असं. नानांनी हे सगळं माझ्याकडून दोनदा ऐकून घेतलं आणि म्हणाले, “बरोबर आहे. पोच वेगळी, मजकूर वेगळा.”

मतपत्रिकेवरचे लंबगोल काळ्या किंवा निळ्या शाईने पूर्ण भरायचे. बरोबरची खूण करून किंवा नावाभोवती गोल काढून चालत नाही. कागद खराब झाला तर खाडाखोड न करता क्लर्ककडे दुसरा मागायचा, तो देतात. मात्र त्यासाठीही हाताशी दिवस असायला हवेत.

आता सहीबद्दल, कारण टपाली मतदानात गाडी अडते ती बहुधा इथेच.

नाना सही मराठीत करतात. भारतात बँकेत, पेन्शनच्या कागदांवर, मुलांच्या लग्नांच्या नोंदणीवर त्यांची जी सही आहे, तीच त्यांनी इथल्या नागरिकत्वाच्या कागदांवर केली आणि मतदार नोंदणीवरही. देवनागरी सहीला कधी कुणी हरकत घेतली नाही. सही कुठल्या लिपीत आहे हे बघायचं नसतं. नोंदणीतल्या सहीशी ती जुळते का एवढंच बघायचं असतं. पण पार्किन्सन्सने हात थरथरायला लागला तशी शिरोरेघ तुटायला लागली, ‘श’चा आकार बदलला. एका निवडणुकीत मतपत्रिका परत दिल्यावर काही दिवसांनी बोर्डाकडून पत्र आलं, की सही जुळत नाही.

नानांना ते पत्र फार लागलं. “म्हणजे मी मी नाही, असं म्हणतायत का?” असं विचारून ते गप्प बसले. मी ते पत्र शांतपणे वाचलं तेव्हा लक्षात आलं की त्यात नकार नव्हता, संधी होती. न्यू जर्सीत २०२० च्या कायद्याने अशी पद्धत घातली आहे: सहीत फरक वाटला किंवा सही राहून गेली, तर मत परस्पर बाद करायचं नाही, मतदाराला कळवायचं. पत्रासोबत एक फॉर्म असतो. ही मतपत्रिका मीच भरून दिली असं त्यावर लिहून द्यायचं, ओळखीचा तपशील द्यायचा, आणि मुदतीत परत करायचा. तो फॉर्म आम्ही त्याच दिवशी भरला. पुढे संकेतस्थळावर त्यांचं मत स्वीकारल्याचं दिसलं. त्यानंतर मी नानांची नोंदणीतली सही नव्याने देऊन अद्ययावत करून घेतली, आणि आता ती जुळते.

ज्यांच्या घरात म्हातारी माणसं आहेत त्यांनी एवढं तरी कराच. हात बदलला की सही बदलते. पक्षाघातानंतर, डोळ्यांच्या ऑपरेशननंतर, बोटं आखडल्यावर. मतदार नोंदणीचा फॉर्म पुन्हा भरून नवी सही देता येते, त्याला पैसे पडत नाहीत. आणि मतपत्रिका दिल्यावर घरी आलेलं प्रत्येक सरकारी पाकीट उघडा. जाहिरात समजून ते पत्र टोपलीत गेलं तर मतही त्याच्याबरोबर जातं.

मतदाराला मदत करण्याबद्दलही नियम स्वच्छ आहे. अंध किंवा अपंग माणसाला त्याच्या पसंतीची व्यक्ती मदत करू शकते. फक्त त्याचा मालक किंवा त्याच्या कामगार संघटनेचा माणूस चालत नाही. मदत केली तर करणाऱ्याने कागदावर आपलं नाव-पत्ता लिहून सही करायची. मी नानांसाठी वाचून दाखवते, कागद धरते, लंबगोल ते स्वतः भरतात. त्यांना वेळ लागतो. तो लागू द्यावा. आमच्या दोघांची मतं सगळीकडे सारखी नसतात, हेही सांगते. मुलांनी आईवडिलांची मतपत्रिका ‘सोपं पडावं म्हणून’ परस्पर भरून टाकायची, हे मी ऐकलं आहे आणि मला ते अजिबात पटत नाही. तो गुन्हा आहेच. आणि ज्या माणसाने सत्तरीनंतर शपथ घेऊन हा हक्क मिळवला, त्याच्या हातून तो काढून घेण्यासारखं आहे.

परत पाठवण्याच्या वाटा तीन: टपाल, ड्रॉप बॉक्स, किंवा काउंटीच्या बोर्ड ऑफ इलेक्शन्सच्या कार्यालयात जाऊन हातात देणं. मतदान केंद्रावर नेऊन द्यायची सोय त्यात नाही, हे पुष्कळांना माहीत नसतं.

टपालासाठी तिकीट लागत नाही, खर्च आधीच भरलेला असतो. न्यू जर्सीचा नियम असा, की मतदानाच्या दिवसापर्यंतचा टपालाचा शिक्का असेल आणि पाकीट पुढच्या सहा दिवसांत पोचलं, तर ते मोजतात. इथे नानांनी मला एक गोष्ट समजावली, ती मला आधी कुणी सांगितली नव्हती. ते म्हणाले, “पेटीत टाकलं त्या दिवसाचा शिक्का पडतो असं समजू नकोस. पेटी कधी उघडली, थैली कुठे गेली, छाननी कुठे झाली, त्यावर शिक्का.” अमेरिकेच्या टपाल खात्यानेही २४ डिसेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नियमांत हेच स्पष्ट लिहिलं आहे: यंत्रावर छाननी होताना पडलेली शिक्क्याची तारीख म्हणजे पाकीट खात्याच्या ताब्यात आल्याची तारीख असेलच असं नाही. शेवटच्या एकदोन दिवसांत टपालानेच पाठवायचं असेल तर पोस्टात आत जायचं आणि खिडकीवर हाताने शिक्का मारून मागायचा. तो फुकट मारून देतात.

शिवाय शिक्क्याच्या या सवलतीवरच देशभर वाद चालू आहे. मिसिसिपीतल्या अशाच नियमाचा खटला सुप्रीम कोर्टाने नोव्हेंबर २०२५ मध्ये सुनावणीसाठी घेतला. म्हणून माझा सल्ला असा, की शिक्क्यावर विसंबूच नका. ड्रॉप बॉक्स वापरा.

ड्रॉप बॉक्स हा या सेवेतला मला सर्वांत भरवशाचा भाग वाटतो. जाड लोखंडी पेटी, जमिनीत घट्ट बसवलेली, चोवीस तास कॅमेऱ्याखाली. प्रत्येक काउंटीत निदान दहा असायलाच हव्यात असा कायदा आहे. बहुतेक नगरपालिकेबाहेर किंवा वाचनालयाबाहेर सापडतात. मतदानाच्या दिवशी रात्री आठपर्यंत चालू असतात. पाळी संपवून रात्री परत येताना मी गाडी थांबवून माझं पाकीट टाकू शकते. शिक्क्याची भानगड नाही, वाटेत कुठे अडकण्याची धास्ती नाही. नाना गाडीत बसून येतात आणि स्वतःचं पाकीट स्वतः टाकतात. पेटीची फट खिडकीतून हाताला येत नाही, तेव्हा मी त्यांना धरून उतरवते.

ज्यांना उतरता येत नाही त्यांचं पाकीट दुसऱ्याने नेलेलं चालतं. नेणाऱ्याला ‘बेअरर’ म्हणतात. त्याने बाहेरच्या पाकिटावरच्या ठरलेल्या जागी आपलं नाव, पत्ता आणि सही करायची. एका माणसाला एका निवडणुकीत तीनच पाकिटं नेता येतात. एकाच घरातल्या कुटुंबीयांची असतील तर पाच. मंडळातल्या एका उत्साही काकांनी ‘सगळ्या ज्येष्ठांची पाकिटं मी गोळा करून टाकतो’ असं सुचवलं होतं. हेतू चांगला होता, पण तसं करता येत नाही. मे २०२० मध्ये पॅटर्सनच्या नगरपालिका निवडणुकीत पाकिटांचे गठ्ठे एकत्र सापडले, पुष्कळ मतं बाद झाली, प्रकरण कोर्टात गेलं आणि एका प्रभागाची निवडणूक न्यायाधीशांनी पुन्हा घ्यायला लावली. पाकीट कुणाच्या हातातून गेलं हे कागदावर राहायला हवं, ते यासाठी.

पोच बघण्याची सोय राज्याच्या संकेतस्थळावर आहे. खातं उघडलं की मतपत्रिका कधी पाठवली, कधी परत मिळाली, स्वीकारली की नाही, हे दिसतं. कुणाला मत दिलं ते अर्थातच कुठेही दिसत नाही. नानांना ही पोच बघितल्याशिवाय चैन पडत नाही. टेबलावर मोठ्या अक्षरांत ती उघडून दिली की ते तारीख वहीत लिहून ठेवतात.

उणिवाही आहेत. सर्टिफिकेटवरचा मजकूर बारीक आहे. ज्यांच्यासाठी ही सेवा सर्वांत गरजेची, त्यांनाच तो वाचता येत नाही. कामं दोन कार्यालयांत वाटलेली आहेत: अर्ज घेणं आणि मतपत्रिका पाठवणं काउंटी क्लर्ककडे, परत घेणं आणि मोजणं बोर्ड ऑफ इलेक्शन्सकडे. फोन करताना हे ठाऊक नसेल तर माणूस इकडून तिकडे फिरत राहतो. बोर्डावर दोन्ही मोठ्या पक्षांचे सारखे सदस्य असतात, ही रचना मला चांगली वाटते. भाषेची सोय काउंटीप्रमाणे बदलते. मिडलसेक्स काउंटीत इंग्रजी आणि स्पॅनिशबरोबर गुजराती आहे. तिथल्या गुजराती शेजारणीला आपल्या भाषेत कागद वाचताना बघून आनंद झाला, आणि मराठी ज्येष्ठांसाठी निदान सूचनांचा एक अनधिकृत का होईना मराठी कागद आपण मंडळांनी तयार करावा असं मनापासून वाटलं.

सर्वांत मोठी अडचण आपल्या लोकांची होते ती अशी. टपाली मतदानासाठी नाव दिलेलं असतं, पाकीट घरी पडून असतं, आणि मतदानाच्या दिवशी वाटतं की आज सुट्टी आहे तर केंद्रावरच जाऊ. तिथे यंत्रावर मत देऊ देत नाहीत. ‘प्रोव्हिजनल’ कागद देतात, आणि टपालाने मत आलेलं नाही ना हे तपासून झाल्यावर तो मोजतात. मत वाया जात नाही, पण माणूस अपमान झाल्यासारखा घरी येतो. केंद्रावर जायचं असेल तर आधीच क्लर्कला लिहून टपाली यादीतून नाव काढून घ्यावं.

आणि कृपा करून न्यू जर्सीचे नियम दुसऱ्या राज्यातल्या नातेवाइकांना पाठवू नका. माझी नणंद नदीपलीकडे फिलाडेल्फियात राहते, आमच्याकडून तासाभराच्या अंतरावर. तिच्याकडे सगळं वेगळं. पेनसिल्व्हेनियात मतदानाच्या दिवशी रात्री आठच्या आत पाकीट प्रत्यक्ष पोचायला हवं, शिक्क्याला किंमत नाही. मतपत्रिका आधी गुप्ततेच्या कोऱ्या पाकिटात घालावी लागते. ते पाकीट विसरलं तर मत बाद, असा तिथल्या सर्वोच्च न्यायालयाचा २०२० चा निकाल आहे. टेक्ससमध्ये तर कुणालाही मागता येत नाही. वय ६५ हवं, किंवा आजार-अपंगत्व, किंवा काउंटीबाहेर असणं, अशी ठरावीक कारणं लागतात. उलट कॅलिफोर्नियात नोंदणी असलेल्या प्रत्येकाला न मागता मतपत्रिका येते. एकाच देशात इतका फरक असेल असं आपल्याला वाटत नाही, कारण भारतात लोकसभा-विधानसभेला एकच निवडणूक आयोग सगळीकडे सारखे नियम लावतो.

भारताचं नाव निघालं म्हणून आईबद्दल लिहिते. ती साताऱ्यात असते. २०२४ च्या लोकसभेला ८५ वर्षांवरच्या आणि ४० टक्क्यांहून कमी नाही इतकं अपंगत्व असलेल्या मतदारांना घरून मत देण्याची सोय होती. फॉर्म १२-ड भरून दिल्यावर कर्मचाऱ्यांचं पथक घरी आलं, सोबत चित्रीकरण करणारा, आणि आईने पुठ्ठ्याच्या आडोशाआड मत दिलं. तिला कुठे जावं लागलं नाही, दोन पाकिटांचा गोंधळ नाही, सही जुळते की नाही याची काळजी नाही, कारण सगळे समोर होते. ज्येष्ठांसाठी मला भारताची पद्धत जास्त मायेची वाटली. पण माझा भाऊ नोकरीसाठी बंगळुरूला असतो, त्याला घरी मतपत्रिका मागवता येत नाही. आणि भारतीय पासपोर्टवर जर्सीत राहणाऱ्यांना फॉर्म ६-अ भरून नाव नोंदवता येतं, मत द्यायला मात्र स्वतः गावी जावं लागतं. इथे माझ्या मुलीला मिशिगनमध्ये बसून आमच्या गावच्या स्कूल बोर्डासाठी मत देता येतं, त्याची किंमत हे बघितल्यावर कळते.

अमेरिकन नागरिक झालेले पुष्कळ आजी-आजोबा दिवाळीच्या सुमाराला पुण्याला जातात आणि उन्हाळा लागला की परत येतात. नोव्हेंबरची निवडणूक नेमकी त्यांच्या गैरहजेरीत येते. त्यांच्यासाठी केंद्र सरकारचा वेगळा अर्ज आहे, ‘फेडरल पोस्ट कार्ड अ‍ॅप्लिकेशन’. देशाबाहेर असलेल्या नागरिकांना केंद्रीय निवडणुकांच्या कोऱ्या मतपत्रिका ४५ दिवस आधी पाठवाव्यात आणि हवी तर ईमेलने पाठवण्याची सोय ठेवावी, असं कायदा सांगतो. मैत्रिणीच्या आईवडिलांनी पुण्यातून असं मत दिलं आहे. परत टपालाने पाठवायचं तर भारतातून कितीतरी दिवस लागतात, तेव्हा भारतात जाण्याआधीच, तिकिटं काढली त्या आठवड्यात अर्ज भरून टाका.

घर बदललं असेल तर पत्ता आधी मतदार नोंदणीत बदला. टपाल खात्याला नवा पत्ता कळवून ठेवला की बाकीची पत्रं मागोमाग येतात, मतपत्रिका येत नाही. ती परत जाते.

येत्या २ जूनला प्रायमरी आहे. आमच्या मंडळाच्या पुढच्या कार्यक्रमात दाराजवळच्या टेबलावर मी कोरे अर्ज ठेवणार आहे, काउंटीच्या ड्रॉप बॉक्सच्या पत्त्यांची यादीही असेल. अर्ज ज्याचा त्याने भरायचा. भरताना मदत हवी असेल तर मी करीन, आणि मदतनिसाच्या रकान्यात माझं नाव लिहून सही करीन.